चहाचे दोन ठोके

आमच्या घराचा वरचा मजला लाकडी फळ्यांचा आहे. खाली दुकान, वर आम्ही. खाली बसून आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बूट बांधायचे आणि वर मशीनवर मी त्या बुटांची अप्परं शिवायचे, म्हणजे तळ सोडून वरचं सगळं चामडं. चाळीस वर्षं असंच चाललं. मधे जिना आहे, पण जिना चढायचा यांना भारी कंटाळा. म्हणून दुकानात एक लांब काठी ठेवलेली. तिने छताला दोन ठोके मारले की चहा आण, तीन मारले की शिवलेलं अप्पर आण. मला जिन्याचा कंटाळा येत असेल, हे यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्या ठोक्यांचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू! "बेल वाजली की धावत येणारी बाई आहे का मी?" असं वरून ओरडायचे आणि ओरडता ओरडता चहा टाकायचे. एकदा आमचा आठ दिवस अबोला होता. कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. पण आठही दिवस सकाळी अकराला ठक ठक, आणि मी तोंड फुगवून कप घेऊन खाली.

सात महिन्यांपूर्वी यांना झटका आला. हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय हलका म्हणायला? तोंड वाकडं झालं होतं ते बरंचसं सरळ झालं, पाय चालायला लागला, पण उजवा हात पडला तो पडलाच. खांद्यापासून हलायचा, बोटांत मात्र जीव नाही. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, रोज शंभर वेळा दाबा म्हणाले. यांनी तो एकदा दाबला आणि मोज्यांच्या खणात टाकून दिला. मग खिडकीशी खुर्ची ओढून बसले. दुकानाची पायरी उतरले नाहीत. नुसतं बसायला तरी चला म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? हातोड्यांना तोंड दाखवायला?"

त्यानंतर एक दिवस मला सांगितलं की दुकान देऊन टाकतोय. कोपऱ्यावर हातगाडी लावून मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण आहे, त्याला. पहिल्या तारखेला किल्ली द्यायची, शब्द दिलाय. मला विचारलं नाही हं, सांगितलं. आज पाऊस येईल असं सांगतात ना, तसं. आणि मी, जी भाजीवाल्याशी अर्धा तास भांडू शकते ती मी, एक अक्षर बोलले नाही. दुकान गेलं तर जाऊ दे, चार भिंतींचं मला काही नव्हतं. हा माणूस त्या खुर्चीतून उठायला हवा होता, एवढंच. आणि किल्ली गेली की उठायचं कारणही जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

पहिली तारीख अकरा दिवसांवर आली असताना, सोमवारी, पोस्टवाली आली. आमच्या भागात टपाल वाटते ती. पंधरा वर्षं आमचेच बूट घालते. वर्षापूर्वी एका गाडीने तिला उडवलं आणि उजवा पाय इंचभर आखूड राहिला. जिन्याखालून तिने हाक मारली, "काकू, काका आहेत का?"

मी खाली गेले. तिने पायातला बूट काढून माझ्यापुढे धरला. हॉस्पिटलातून दिलेला, तळाला ही जाड ठोकळी. "काकू, हा बूट नाही, वीट आहे वीट. पुढच्या मंगळवारपासून मला परत कामावर घेतायत. साहेब म्हणाले, सगळी फेरी पायी झाली तर फेरीवर राहा, नाही तर आत बसून पत्रं लावा. वर्षभर बसलेय मी. आता बसून बसून जीव विटलाय."

वरून यांचा आवाज आला. "सांग तिला, दुकान बंद आहे."

बसून बसून जीव विटलाय म्हणणारी एक बाई माझ्यासमोर उभी, आणि वर बसलेला हा माणूस! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी ये. बूट तयार असतील."

"पण काका तर म्हणतायत..."

"काका काय म्हणतायत ते काकांना कळतंय का? पाय ठेव कागदावर."

कागदावर दोन्ही पावलं काढून घेतली. ती खुशीत गेली आणि मग मला घाम फुटला. आयुष्यात मी चामडं कापलेलं नव्हतं! कापायचे हे. कापलेले तुकडे खडूने खूण करून माझ्याकडे वर यायचे, डाव्याचे वेगळे, उजव्याचे वेगळे, आणि मी शिवायचे. चाळीस वर्षं संसार एका छताखाली, पण यांची चामडं कापायची रापी आणि माझी सुई कधी एका टेबलावर आली नव्हती.

पण आता बोलून बसले होते. तिचे लाकडी फर्मे फळीवर होतेच, पावलांच्या आकाराचे, ज्यांच्यावर चढवून बूट बांधतात ते. तिचा पुठ्ठ्याचा साचाही खिळ्याला टांगलेला सापडला. तपकिरी चामड्याचा चांगला मोठा तुकडा शिल्लक होता. साचा ठेवला, खडू फिरवला, रापीने कापलं. परत साचा ठेवला, परत कापलं. रापी लोण्यातून फिरावी तशी फिरली. मी स्वतःवरच खूश. म्हटलं, यात काय एवढं मोठं? उगाच इतकी वर्षं कपाळाला आठ्या घालून कापायचे!

वर जाऊन मशीनवर बसले. यांची पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. मंगळवारी एक अप्पर शिवलं, बुधवारी दुसरं. मशीनचा आवाज खोलीभर, पण यांनी एकदाही मान वळवली नाही. मीही म्हटलं, नका वळवू. वळवली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. मला कसं कळलं नाही विचाराल, तर शिवताना मला फक्त शिवण दिसते. टाका सरळ पडला की माझं काम झालं.

गुरुवारी खाली बसून पहिलं अप्पर फर्म्यावर चढवलं. पकडीने ओढायचं, खिळा मारायचा, परत ओढायचं. चहा द्यायला जाऊन जाऊन हजारदा पाहिलेलं. घामाघूम झाले, पण बसलं. मग दुसरं घेतलं. ते काही केल्या बसेना. टाच बसवली की बोटांकडे सुरकुती, बोटांकडे ओढलं की टाच निघे. मी ओढतेय, ठोकतेय, शिव्या घालतेय. आणि तेवढ्यात डोक्यावर ठक्.

मी हातोडा थांबवला. म्हटलं भास झाला असेल. परत ठोकायला लागले तर परत ठक् ठक् ठक्. हे वरून पायाने जमीन ठोकत होते!

"काय आहे?" मी ओरडले.

"चुकतंय!" वरून आवाज.

"तुम्हाला काय दिसतंय तिथून?"

"ऐकू येतंय! चामडं बसत असलं की असा आवाज येत नाही!"

"मग या ना खाली, बसवा तुम्हीच!"

मी रागाच्या भरात बोलले. मी परत हातोडा उचलला, आणि जिना करकरला. एक पायरी. थांबले. दुसरी पायरी. मी तिकडे बघितलंच नाही, जागची हलले नाही. वाटलं, बघितलं तर परत फिरतील. सात महिन्यांनी हा माणूस खाली उतरत होता आणि मी मूर्खासारखी खिळ्यांच्या डबीकडे बघत होते.

हे टेबलाशी आले. एका हाताने पहिला बूट उचलला, ठेवला. दुसरा उचलला. दोन्ही शेजारी शेजारी लावले. बराच वेळ बघत राहिले. मग यांचं तोंड एका बाजूला थरथरायला लागलं. ओठ वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलायला लागले. दुसरा झटका! मी स्टूल पाडून धावले, यांना धरलं, "अहो, अहो काय होतंय?" करायला लागले.

हसत होते! हा माणूस हसत होता. इतका की आवाजच फुटत नव्हता.

"दोन डावे," शेवटी म्हणाले. "अगं, दोन्ही डावे केलेस!"

मी बघितलं. खरंच की. दोन डावे बूट, एकासारखा एक, टाका न् टाका सरळ.

"पोस्टवाली हे घालून निघाली तर गोल गोल फिरेल," हे म्हणाले. "सगळ्या गल्लीची पत्रं एकाच घरात टाकील!" आणि परत हसायला लागले. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. मी खाली जमिनीवरच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

"एक बाजू कापली की साचा उलटा करायचा असतो," हे म्हणाले.

"मग चाळीस वर्षांत कधी सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

हे मात्र खरं होतं. मग हे टेबलाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, इथे बसलो की हा हात जास्तच दिसेल. म्हणून येत नव्हतो." एवढंच बोलले. मी कपाटातून उरलेलं चामडं काढलं. एका बुटापुरतंच निघालं. म्हणजे आता चूक करायची सोय नव्हती.

साचा उलटा करून ठेवला, आणि काय झालं माहीत आहे? आधी काही कळत नव्हतं तेव्हा रापी सरसर फिरत होती, आता कळल्यावर साचा पण सरकतोय आणि रापी पण. हे बघत होते. मग यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, सामान उचलतात तसा, आणि पुठ्ठ्यावर ठेवला. जड, गार, न हलणारा.

"वजन म्हणून तरी चालेल," म्हणाले. "काप."

साचा तसूभर हलला नाही. यांच्या बोटांच्या कडेकडेने मी रापी फिरवली, तुकड्यामागून तुकडा. सात महिने ज्या हाताकडे आम्ही दोघं बघायचं टाळत होतो, तो हात त्या दिवशी दुकानातला सगळ्यात कामाचा होता. मला इतकं बरं वाटलं की मी रागावूनच म्हटलं, "हात हलवू नका हं!" तर म्हणाले, "हलला तर आधी तुलाच कळवीन."

रात्री जागून मी ते अप्पर शिवलं. शुक्रवारी यांनी डाव्या हाताने हातोडा धरला. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा माझ्या अंगठ्यावर. मी बोंब ठोकली. संध्याकाळपर्यंत खिळे जरा तिरपे का होईना पण आत जायला लागले. बुचाचे थर चिकटवून उजव्या बुटाचा तळ उंच केला. वाया गेलेला तो जास्तीचा डावा बूट यांनी माझ्या मशीनवर आणून ठेवला. "समोर असू दे," म्हणाले. "साचा उलटायची आठवण राहील."

आणि शनिवारी कव्हरवाला टेप घेऊन आला. वाईट नाही तो. नम्र आहे, हसरा आहे. भिंती मोजल्या, कुठे फळ्या मारायच्या ते बघितलं. मग फर्म्यांच्या रांगेकडे बोट करून म्हणाला, "काका, ह्या लाकडी पायांचं काय करायचं? रद्दीवाला घेईल का?"

यांनी हातोडा खाली ठेवला. "पहिल्या तारखेला बघू," म्हणाले आणि जिना चढून गेले. मी वर गेले तर परत खुर्ची, परत खिडकी. रविवारी उठले नाहीत. मी खाली एकटीने तळ घासला, रंग लावला, आणि मनातल्या मनात त्या टेपवाल्याला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

सोमवारी पोस्टवाली आली. बूट घातले, उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई काकू, ह्यात वीट नाही!" मग दुकानात इकडून तिकडे चालायला लागली. तोंडभर हसत होती, पण मला काही तरी खटकत होतं. काय ते कळेना.

डोक्यावर ठक्.

"तिला सांग परत चाल," वरून आवाज आला.

ती चालली. आम्ही दोघी छताकडे बघत होतो.

"उजवा पाय जड पडतोय. दोन कागदांएवढं बूच काढ."

मी तिचा बूट काढून घेतला, घासला, परत घालायला दिला. ती चालली.

"अजून एक कागद."

"अहो, मग इथे येऊनच सांगा ना!" मी ओरडले. या वेळी जिना थांबत थांबत करकरला नाही, एका दमात करकरला. हे खाली आले, स्टुलावर बसले आणि डोळे मिटून घेतले. ती चालत राहिली. दाराशी, परत टेबलाशी, परत दाराशी. मी तीनदा घासलं. चौथ्या वेळी तिची पावलं अशी पडली की कुठला पाय कुठला ते कळू नये. पोस्टवालीला स्वतःलाच ते ऐकू आलं. ती मधेच थांबली, तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली.

"रडायचं नाही," हे डोळे न उघडता म्हणाले. "नवं चामडं आहे, डाग पडतील."

मंगळवारी साडेदहापासून हे खिडकीशी होते, पण बसून नाही, उभे. रस्त्यावर माणसंच माणसं, मला काही ऐकू येईना. अचानक म्हणाले, "आली." पाच मिनिटांनी ती वळणावर दिसली, खांद्यावर पिशवी, पाऊल कसं टकाटक. "सारखी पडतायत," हे म्हणाले. आमच्या खिडकीखाली येऊन तिने हात हलवला. "काका, तुमचं विजेचं बिल आलंय!" विजेचं बिल बघून इतका आनंद झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण किल्लीचं काही बोलेनात. गुरुवारी न राहवून मीच विचारलं, "उद्या देणार?"

"शब्द दिलाय," म्हणाले.

झालं. यांच्या शब्दाचं मला चांगलं माहीत आहे. एका शब्दापायी एकदा भर तापात बसून लग्नाचे बूट पुरे केले होते.

शुक्रवारी पहिली तारीख. दहा वाजता हे किल्ली घेऊन खाली गेले. मी गेले नाही, मला बघवलं नसतं. मशीनवर बसले. शिवायला काही नव्हतं, समोर तो जास्तीचा डावा बूट. उगाच त्याची धूळ पुसली. फळ्यांतून खालचं सगळं ऐकू येतं, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, कारण खाली कुणी असलं की वर माझं मशीन कधी थांबलंच नव्हतं.

कव्हरवाल्याचा आवाज आला. "काका, सुतार येतोय अकरा वाजता. दोन्ही भिंतींना फळ्या मारून घेतो."

"एकाच भिंतीला मार," हे म्हणाले. "ही घे किल्ली. दुसरी माझ्याकडे राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकीकडची चार हात जागा मी ठेवतोय. दुकान देतो म्हटलं होतं, देतोच आहे. पण मला सांग, तुला कव्हरांना एवढी जागा कशाला लागते? हत्तीला कव्हर घालतोस का तू?"

मग कव्हरवाला हसला. "पण काका, तुमची ठोकाठोक?"

"तुझं गिऱ्हाईक आलं की थांबवीन. माझं आलं की तू थांब."

"आणि ती लाकडी पायांची रांग?"

"ती जागची हलणार नाही."

मग तो म्हणाला, "चालेल काका. खरं सांगू? एकटा बसायला मला पण भीतीच वाटत होती."

"आधी तुझी चप्पल दाखव. अरे, ही चप्पल आहे की चाळणी? काढ. बस इथे. पाय कागदावर ठेव. रेघ वाकडी येईल, डाव्या हाताची आहे, हलू नकोस. चहा घेतोस?"

काही तरी ओढल्याचा आवाज झाला. कोपऱ्यातली काठी असणार, दुसरं काय? आणि माझ्या पायाखालच्या फळीला ठक, आणि जरा वेळाने, जरा तिरपा, आणखी एक ठक.

मी तशीच बसून राहिले. सात महिने ज्यांच्यासाठी माझे कान आसुसले होते, ते दोन ठोके माझ्या तळव्यांतून वर आले आणि मला उठताच येईना. मग उठले. पदराने तोंड पुसलं, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बेल वाजली की धावत येणारी बाई आहे का मी?"

आणि तीन कप चहा टाकला.